पुढचे दार आणि खाटगाडी

मी, या कागदाखाली सही करणारी, निवृत्त शिवण-शिक्षिका, अविवाहित, वय अडुसष्ट, आज पूर्ण शुद्धीवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या भावजयीला त्याबद्दल बरीच वर्षे शंका आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, धाक दाखवलेला नाही, गोड बोलून सही घेतलेली नाही. गोड बोलणारे आमच्या घरात फारसे कोणी नाहीच. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. हे पहिले, आणि देवाच्या मनात असेल तर शेवटचे.

वकीलबाईंनी एका पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात घर होते, शेड होती, मी कुठेच नव्हते. म्हणून हा कागद मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कायद्याची वाक्ये त्यांची, बाकीची माझी.

१. घर. घर वडिलांनी माझ्या नावे केले, आणि ते निर्वेधपणे माझे आहे. रस्त्याकडच्या दोन खोल्यांत माझा धाकटा भाऊ आणि भावजय राहतात, मागच्या एका खोलीत मी. मधून एक बोळकांडी पुढच्या दारापासून सरळ अंगणात जाते आणि अंगणात पत्र्याची शेड आहे. अंगणाला मागे एक फळीचे दार आहे. ते गटाराच्या गल्लीत उघडते. इतके नीट समजून घ्यावे, कारण या कागदाचा सगळा जीव दोन दारांत अडकला आहे.

पुढच्या दोन खोल्या भावाला आणि त्याच्यामागे भावजयीला. त्यांना तिथून कोणी उठवू नये.

२. शेड आणि तिच्यातल्या सायकली, खुंटीवरची एक सोडून. या मी वस्तीतल्या बायकांच्या सायकल मंडळाला देते. मंडळ रीतसर नोंदवलेले आहे. वस्ती म्हणजे दगडाच्या जुन्या खाणीपलीकडची, भंगार आणि चिंध्या वेचणाऱ्यांची. तिथे बस थांबत नाही. हात केला तरी ड्रायव्हर मान वळवून दुसरीकडे बघतो. मोठा रस्ता खाणीच्या काठाशी संपतो आणि पुढे नुसती पायवाट.

सायकली लोकांनी दिलेल्या. गावात सायकली किती आणि कुठे कुठे असतात हे कळले तेव्हा मी थक्क झाले होते. गच्चीत, जिन्याखाली, कपडे वाळत घालायला. मुलगा मोठा झाला, गुडघे दुखायला लागले, मोटार आली, की सायकल भिंतीला टेकते ती कायमची. मी शाळेतून येता-जाता दारे ठोठावायची आणि म्हणायची, "तुमची सायकल कंटाळली आहे, मला द्या." लोक हसायचे आणि द्यायचे. हसवल्याशिवाय माणूस अडगळसुद्धा सोडत नाही.

पहिल्या सायकली वस्तीत दिल्या त्यानंतरची एक सकाळ मी विसरू शकत नाही. मी खाणीच्या काठावर उभी होते. खालच्या धुळीतून आधी घंट्या ऐकू आल्या, मग मुली वर आल्या. दप्तरे पाठीला, दोन दोन जणी एका सायकलवर, एकीमागून एक. त्यांच्यामागे कामाला निघालेल्या आया, पदर खोचून, ओठ घट्ट मिटून. कोणी माझ्याकडे बघितले नाही. पडू नये म्हणून सगळ्या समोर बघत होत्या. मिशनच्या शाळेतल्या प्रार्थनाघरात लहानपणी जे वाटावे म्हणून आम्हाला गुडघे टेकायला सांगत, ते मला तिथे, त्या खाणीवर, उभ्या उभ्या वाटले.

३. खाटगाडी. ही मंडळाच्या मालमत्तेत धरावी, पण तिच्याबद्दल वेगळे लिहिते.

मंडळाची प्रमुख जी बाई आहे तिला सगळे पानावाली म्हणतात. नट फिरवायचा पाना तिच्या कमरेला कायम खोचलेला असतो, लग्नाकार्यातसुद्धा. तिने माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या धडधाकट सायकली कापायला सुरुवात केली तेव्हा मी तिचा हात धरला. मी म्हटले, "अगं, काय करतेस?" ती म्हणाली, "बाई, वस्तीत तीन बाळंतपणं तोंडावर आहेत. त्या काय कॅरिअरवर बसून जाणार?"

तिने एका सायकलचा मागचा अर्धा भाग ठेवला, पुढे लोखंडी नळ्यांची खाट जोडली आणि खाटेखाली लहान मुलाच्या सायकलची दोन चाके बसवली. खाटेचे कापड मी शिवले, जाड कॅनव्हास, दुहेरी टीप. मी विचारले, "खाट मागे जोडून ओढली असती तर सोपं नसतं का गेलं?"

"सोपं गेलं असतं. पण मग आजारी माणसाचं तोंड कसं दिसणार? चालवणारीला तोंड दिसलं पाहिजे. आणि त्याला आपलं."

मी आयुष्यभर मापे घेऊन कपडे बेतले. हे माप माझ्या टेपवर नव्हते.

ती लहान चाके गुलाबी होती. ज्या बंगल्यातून ती सायकल आली तिथल्या बाई एके दिवशी कॅमेरा घेऊन आल्या, लेकीची सायकल कोणाला मिळाली ते बघायला.

"आमच्या छकुलीची सायकल कुठाय?"

"ही काय, पुढची दोन चाकं," पानावाली म्हणाली.

"मोडलीत? आम्ही चालवायला दिली होती, मोडायला नाही!"

"चालतेच आहे की, ताई. आधी एकीला घेऊन चालायची, आता खाटेसकट चालते. हवं तर आडव्या व्हा."

मला वाटले, आता मोठा तमाशा होणार. पण त्या बाईंनी चपला काढल्या आणि खरोखरच खाटेवर आडव्या झाल्या. पानावालीने त्यांना अंगणात एक फेरी मारली. खाली उतरल्यावर त्यांनी गुलाबी चाकावरून हात फिरवला. पुढच्या आठवड्यात त्यांनी नवऱ्याचीही सायकल पाठवून दिली. नवऱ्याला विचारले होते की नाही, ते मी विचारले नाही.

त्या खाटगाडीवर जन्मायला गेलेली मुले आता वस्तीत पळतात. एक तर वाटेतच जन्मले. त्याला सगळे खाटू म्हणतात. तो चिडतो.

४. पुढचे दार. आता मुख्य गोष्ट.

शेड सुरू झाल्यावर वस्तीतल्या बायका पुढच्या दाराने, बोळकांडीतून ये-जा करत. फरशीवर चाकांच्या चिखलाचे ठसे उठत, हे खरे. पण माझ्या भावाला चिखलाचे दुःख नव्हते. रस्त्यावरच्या लोकांनी आमच्या दारातून कोण आत जाते ते बघावे, हे त्याला सोसेना. त्याने बोळकांडीच्या अंगणाकडच्या तोंडाला कुलूप घातले आणि सांगितले, "शेडच्या लोकांनी मागच्या गल्लीतून यायचं. पुढचं दार घरच्यांसाठी." मी भांडले. वकिलाकडे जाईन म्हणाले. तो म्हणाला, "जा ना, ताई." मी गेले नाही. सख्ख्या भावावर नोटीस काढायला हात धजत नाही.

बायकांनी वाद घातला नाही. त्या दिवसापासून त्या गटाराच्या गल्लीतून येऊ लागल्या, सायकल खांद्यावर घेऊन, कारण गल्लीत चाक फिरेल इतकी कोरडी जमीन नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाऊ शेडच्या उंबऱ्याशी येऊन घंट्यांच्या आवाजावरून तावातावाने बोलत होता. बोलता बोलता त्याने छातीवर हात ठेवला आणि तो खाली बसला. पुलाचे काम चालू होते, बाजारात गाड्या अडकलेल्या. रुग्णवाहिका बाजारापलीकडे भोंगा वाजवत उभी, पुढे येईना. बायकांनी त्याला उचलले आणि खाटगाडीवर घातले. पानावाली चढली. दोघी बाजूंनी धावल्या. आणि त्यांनी त्याला मागच्या दाराने नेले.

पुढची बोळकांडी दहा पावलांवर होती. कुलपाची किल्ली भावाच्याच खिशात होती. पण त्यांनी गल्लीतून नेले. खाट गटाराच्या कडेने, वर उचलून, पुन्हा टेकवून, चिखलातून ओढत, भिंतीला घासत. भाऊ उताणा होता आणि शुद्धीवर होता. ती गल्ली त्याने जन्मात पहिल्यांदा पाहिली, तीही खालून.

त्या त्याला वेळेत घेऊन पोचल्या. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर कठीण होते.

मी नंतर पानावालीला विचारले, "अगं, पुढून का नाही नेलंस? जीव चालला होता त्याचा."

ती म्हणाली, "साहेबांचा हुकूम होता, बाई. शेडची गाडी मागच्या दारानं. मोडायचा कसा?"

तिच्या चेहऱ्यावर रेषही हलली नाही. ते भोळेपण होते की शिक्षा, मला आजतागायत कळलेले नाही. मी शिकवलेल्या मुलींच्या मनातले मी टाक्यावरून ओळखायचे, पण या बाईपुढे हात टेकले. मात्र एक बघितले. गल्लीत खाट कलायची तेव्हा ती पायडल सोडून खाली उडी मारत होती आणि एका हाताने भावाचे डोके धरत होती. ज्याने हिला पुढच्या दारातून हाकलले त्याचे डोके.

म्हणून मी ठरवते की, माझ्या पश्चात पुढचे दार, बोळकांडी, अंगण आणि त्यांचा सर्व हक्क सायकल मंडळाचा. भावाला आणि भावजयीला त्यांच्या खोल्यांत जाण्यायेण्यासाठी मागची गल्ली मोकळी राहील. पुढच्या दाराने यायचे झाल्यास त्यांनी पानावालीला विचारावे. हो-नाही तिच्या मर्जीवर.

५. शिवणयंत्र, कात्र्या आणि टेप माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या मुलीला. तीच या मृत्युपत्राची व्यवस्थापक. "आत्या, तू मला कामाला लावून जाणार," असे ती म्हणाली, ते बरोबर आहे. बँकेत जे असेल ते टायर, ट्यूब आणि ब्रेकच्या रबरांसाठी. माझी पुस्तके शाळेला. मोत्यांचे कानातले भावजयीला, कारण ती गेली तीस वर्षे ते माझ्या कानांत बघते आहे.

६. वडिलांची सायकल. काळी, उंच, चामडी सीटची. शेडमध्ये खुंटीला टांगलेली आहे ती. ती भावाला.

याचे कारण लिहिणे भाग आहे. घरात सायकल एकच होती. माझी शाळा लांब, भावाची कोपऱ्यावर, म्हणून वडिलांनी ती मला दिली. शाळेतल्या एका उंच सिस्टरनी मला शिकवली. झगा कमरेला खोचून त्या सीट धरून मागे धावत आणि ओरडत, "चाकाकडे बघू नकोस! जायचंय तिकडे बघ!" भाऊ फाटकाशी उभा राहून बघायचा. मग त्याने हट्टाने कधीच सायकल शिकली नाही. नंतर घरही माझ्या नावे झाले. त्याच्या कुलपाची किल्ली मला वाटते तेव्हाच घडवली गेली. त्याला शिकायची असेल तर पानावाली शिकवील. ती मागे धावते, सीट सोडत नाही.

७. आधी जे लिहिले त्यानंतरचे. वरची सहा कलमे लिहून मी कागद टेबलावर ठेवला आणि वकीलबाईंना आज बोलावले. त्या यायच्या आधी मी शेडमध्ये बसले होते, तर अंगणाच्या मागच्या दारात कोणी तरी खाकरले. भाऊ होता. पुढून न येता गल्लीतून आला होता. पायजमा घोट्यापर्यंत चिखलाने माखलेला. एका हातात काठी, दुसऱ्या हातात बोळकांडीचे कुलूप.

"तू इकडून कसा?" मी म्हटले.

"बघितलं चालून. उभ्यानं." काठीने पायजम्यावरचा चिखल खरवडला. मग म्हणाला, "ताई, ती गल्ली माणूस न्यायच्या लायकीची नाही."

पानावाली चाक सरळ करत बसली होती. तिने वर बघितले नाही. त्याने कुलूप तिच्यापुढे ठेवले, किल्लीसकट.

"हे कुठं तरी उपयोगी पडेल तुम्हाला."

"तेल घालावं लागेल," ती म्हणाली. "बसा साहेब. पाय धुवा आधी, पाणी तिथंय."

तो खरोखरच बसला. खोक्यावर, खुंटीवरच्या काळ्या सायकलखाली. तिच्याकडे मान वर करून बघत राहिला, लहानपणी फाटकाशी उभा राहून बघायचा तसा. मी पन्नास वर्षे तो चेहरा पाहिला नव्हता.

मग वकीलबाई आल्या आणि सगळे ऐकून म्हणाल्या, "मग चौथं कलम खोडायचं का?" मी खूप विचार केला. खोडत नाही. भाऊ वितळतो तसा गोठतोही, मी त्याला पाळण्यापासून ओळखते. फक्त शेवटचे वाक्य मी पानावालीला वाचून दाखवले, तिच्या मर्जीचे. ती म्हणाली, "मर्जी कसली, बाई? दार काय रोज विचारायला असतं? उघडंच ठेवू." तेवढे इथे नोंदवते. आता तिचा शब्द कायद्याच्या कागदावर आहे.

८. माझी शेवटची वाट. मला मोटार नको. मला खाटगाडीवर न्यावे, पुढच्या दाराने, भर दिवसा, रस्त्यावरच्या लोकांना दिसेल असे. पायडल पानावालीने मारावे. बाजूने दांडा धरायला भाऊ. तेवढे त्याला सायकल न येताही जमेल. वस्तीतल्या मुलींनी रडत येऊ नये, घंट्या वाजवत यावे. घंट्यांबद्दल भावाची आता तक्रार नाही, मी विचारून घेतले आहे.

मात्र त्याच वेळी वस्तीतून कोणी आजारी किंवा अडलेली बाई आली, तर मला खाली उतरवून अंगणात ठेवावे आणि आधी तिला न्यावे. गाडी परत येईपर्यंत मी थांबेन. मला घाई नसेल.

हे सर्व मी वाचून, समजून, खाली सही केली आहे. पानावालीला मंडळामार्फत यातून काही मिळायचे असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून ती शेजारी बसून कुलपाला तेल घालत होती.

लिहून देणार : (सही) निवृत्त शिवण-शिक्षिका

आम्ही खालील दोघांनी बाईंना आमच्यासमोर सही करताना पाहिले आणि त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. त्या वेळी त्या शुद्धीवर होत्या आणि दोनदा हसल्या.

साक्षीदार १ : (सही) समोरच्या दुकानातले शिंपी
साक्षीदार २ : (सही) शाळेच्या मुख्याध्यापिका, बाईंची जुनी विद्यार्थिनी

स्थळ : अंगणातली शेड, दोन्ही दारे उघडी
दिनांक : आजचा, शनिवार, शाळा सुटून मुली परत यायच्या वेळी