अध्यक्षांची ओटी

ग्लासगो, १४ जानेवारी २०२५

ती. आईंना वरदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि तुम्ही ते कबूलही करत नाही, म्हणून पत्र. २६ तारखेला इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची शपथ मी घेणार आहे. पन्नास वर्षांत पहिलीच बाई!

पण काल सभेत ठरलं, की शपथेनंतरची ओटी यंदा वेळेअभावी गाळायची. दरवर्षी मावळत्या अध्यक्षांची पत्नी नव्या अध्यक्षांच्या पत्नीची ओटी भरते. यंदा नंदावहिनींनी माझी भरायची होती. त्या माझ्याकडे बघेनात. परीक्षितला जाऊन चार वर्षं झाली; विधवेची ओटी कशी भरायची, एवढाच तो वेळेचा प्रश्न. गाडीत बसून रडले मी. नाव मागे घ्यावंसं वाटतंय. काय करू?

माया आहेच, ती उणी होऊ देऊ नका.

तुमची,
वरदा

वेम्बली, २१ जानेवारी २०२५

चि. वरदास अ. उ. आ.

मला सगळं ऐकू येतं. लोकच तोंडातल्या तोंडात बोलतात.

काल तुझ्या दिराबरोबर, सुयशबरोबर, अमेरिकेचा शपथविधी टीव्हीवर पाहिला. थंडीमुळे सोहळा आत घेतला, बरं केलं. पूर्वी तिथल्या एका अध्यक्षाने कडाक्याच्या थंडीत बिनकोटाचं दोन तास भाषण ठोकलं आणि महिन्याभरात गेला बिचारा. तुझे सासरे इतिहासाचे मास्तर. ते सांगायचे, तिथल्या घटनेत शपथेचे शब्द आहेत फक्त पस्तीस. पुस्तकावर हात, मिरवणूक, मेजवान्या हे सगळं मागाहून कुणाकुणाच्या हौसेनं चिकटलं.

आपली ओटीही तशीच. चिकटवणारी कोण? मी! १९८४ साली, आम्ही ग्लासगोत असताना, डॉ. चित्रे मंडळाचे अध्यक्ष झाले. त्यांची मोइरा स्कॉटिश, कोपऱ्यात अवघडून उभी. ना कुंकू, ना मंगळसूत्र. माझ्याकडे एक खण जास्तीचा होता. तिला आपली म्हणायचं होतं, बाकी काही नाही.

आता माझीच प्रथा माझ्या सुनेला अडवणार? नाव मागे घेतलंस तर याद राख. सुयशने तिकिटं काढली आहेत. ओटी मी भरणार. मीही विधवाच, बघू कोण हात धरतं.

साडीखाली थर्मल घाल.

तुझी,
आई

ग्लासगो, २८ जानेवारी २०२५

ती. आईंना शि. सा. न. वि. वि.

भर सभागृहात तुम्ही मला कुंकू लावलंत. माझ्या पदरात नारळ घालताना तुमची मान ताठ होती. आई, मला तुमचा फार अभिमान वाटला.

तुम्ही ट्रेनसाठी निघालात आणि पुढचं हुकलं. घटस्फोट घेतलेली सीमा आली आणि तिने सरळ पदर पसरला. मागोमाग ऋजुता, तिचं लग्न झालेलं नाही, अंगावर साडी नाही, तिने स्वेटरच पुढे धरला. मग रांगच लागली. खण दोन, नारळ एक. मी गोंधळले. नंदावहिनी इतका वेळ मान खाली घालून बसल्या होत्या. त्या उठल्या, स्वयंपाकघरातून बासमतीचं अख्खं पोतं ओढत आणलं, आणि ओंजळीने एकेकीची ओटी भरू लागल्या.

आशीर्वाद असू द्या.

तुमची,
अध्यक्ष वरदा