विकलेल्या जात्यांची फेरी

मी, रावजी बिन धोंडू पाथरवट, उमर सुमारे चौसष्ट, धंदा जाती घडवून विकणे, राहणार महाड, जिल्हा कुलाबा, पूर्ण शुद्धीवर व कोणाच्या भिडेस न पडता माझ्या मिळकतीची ही व्यवस्था लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत; कान शाबूत आहेत.

कलम १. सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडिलांकडून एक छिन्नी मिळाली, तीही बोथट. राहते घर पत्नी आनंदीबाई हिने हयातभर भोगावे. तिच्या पश्चात मुलगा सदू याचे. बाजारातले दुकान आजच सदूचे. बसायची त्याला हौस आहे, ती तेथे फिटेल.

कलम २. पिठाच्या गिरणीचे मालक मालोजीराव भर बाजारात म्हणाले होते, "रावजी, इंजिन आलंय. तुझ्या जात्यांच्या आता पायऱ्या कर." त्यांच्या गिरणीला पायरी नाही, बाया दळण घेऊन ठेचकाळतात. आमच्या दारातला सपाट दगड त्यांस द्यावा.

कलम ३. आता खरी मिळकत, म्हणजे फेरी. जाते विकले की आगोटीआधी, पाऊस लागण्यापूर्वी, त्या घरी परत जावे. पहाटे आळीत उभे राहून घरघर ऐकावी. ती पातळ लागली तर दगड झिजला. न बोलावता टाकी लावून, म्हणजे छिन्नीने पुन्हा खाचा पाडून, द्यावी. मग तीच बाई बहिणीला, नणंदेला सांगते. नाते गावापासून कशेडी घाटाच्या पायथ्यापर्यंत माझी जाती अशी जुन्या गिऱ्हाइकांनीच खपवली.

फेरी कोणास द्यावी, हे कलम बरेच दिवस कोरे होते. पोलादपूरच्या चंद्रभागेने जाते नेले, पण तिच्या घरातून घरघर कधी आली नाही. दारातून विचारले, "जातं बरं हाय ना गो?"

"बरं हाय, मामा."

बरे असलेले जाते गप्प का? मला चैन पडेना. पाय चालेनात, म्हणून सदूस धाडले. तो इनायतभाईच्या छकड्यातून गेला तसा आला.

"बरं हाय म्हणते."

"घरात गेलास?"

"बायामाणसाच्या चुलीपाशी जाऊन बसू काय, बाबा?"

तेव्हा सून मैना म्हणाली, "मामंजी, मी जाते." तिने तेथे आधी पाणी मागितले, मग जात्यापाशीच बसकण मारली. "वैनी, मूठभर नाचणी आणा. माझे हात शिवशिवतात."

चंद्रभागेने नाचणी आणली आणि तिला रडू फुटले. सासू असताना दोघी मिळून ओढत. माझ्या पहिल्या फेरीआधीच सासू वारली, नवरा मुंबईस गोदीत. एकटीला दगड हलेना. शेजारणीकडे दळायची, तिचे टोमणे खायची. "मामा एवढा इचारायला येतो, त्याच्या जात्याला नावं कशी ठेवू?"

मैना परत आली ती उंबऱ्यातूनच बोलली, "मामंजी, वरचा दगड हलका पायजे."

सबब फेरी, तिची सर्व घरे व माझी हत्यारे सून मैना हिच्या नावे करतो. दगड सदूने घडवावे, विचारायला मैनेने जावे. दारातून कोणी विचारू नये.

कलम ४. इनायतभाईस काही ठेवलेले नाही, म्हणजे तो साक्षीस चालेल.

कलम ५. चंद्रभागेचा हलका दगड मी बसल्या बसल्या घडवला आहे. तो बसवून मैनेने तेथेच मुक्काम करावा, पहाटे घरघर ऐकावी आणि येऊन मला सांगावी. मी नसलो तर आमच्या जात्यावर तशीच दळून दाखवावी. मला कळेल.

महाड, ता. १२ माहे नोव्हेंबर सन १९३२.
सही: रावजी बिन धोंडू पाथरवट, दस्तुर खुद्द.
साक्षी: १. इनायत छकडेवाले, राहणार महाड. २. भागोजी बिन चांगू, राहणार नाते, अंगठा डावा.