तू देवांचे डोळे आखायचीस तेव्हा

आई,

आज रोह्याला आपल्या शेजारच्या मावशीच्या मुलीकडे जेवायला गेलो होतो. दोघंही म्हातारे झालो आता. तिनं तव्यावरचं घावन पानात टाकलं आणि मी थेट पेणच्या आपल्या आळीत जाऊन पोचलो. तू डबा घेऊन गणपतीच्या कारखान्यात निघाली आहेस, मला मावशीच्या ओटीवर सोडते आहेस. बाहेरचं काम मावशीला कधी करावंसंच वाटलं नाही. "मी नाय बाय कुणा मालकाचं ऐकून घ्यायची. माझा कारखाना चुलीपाशी," असं ती म्हणायची. त्यावर तू म्हणायचीस, "मी दिवसभर घरात बसले तर भिंतींना डोळे काढीन गो!" मग दोघी पदर तोंडाला लावून हसत सुटायच्या.

मी चारेक वर्षांचा असेन, मूर्तींच्या डोळ्यांची आखणी मालकांनी त्याच वर्षी तुझ्या हाती दिली होती. एका संध्याकाळी तू मला न्यायला आलीस, तर मी मावशीला बिलगून तिलाच म्हणालो, "आई, मी नाय जाणार." दुसऱ्या दिवशी सकाळी मला सोडताना तू तिला म्हणालीस, "आज शेवटचा दिवस. मालकांना सांगून येते."

दुपारी मावशी मला कडेवर घेऊन, लेकीचा हात धरून कारखान्यात शिरली. फळीवर रंगवलेले गणपती ओळीनं बसलेले, सगळ्यांचे डोळे पांढरे, कोरे. आखणी चालू असताना तिथं कुणी बोलायचं नाही, असा नेम. मावशीनं तो मोडला.

"एवढे देव आंधळे ठेवून घरी बसणार व्हय गो?"

"त्यानं तुला आई म्हटलं."

"मग म्हणू दे की! माझं काय झिजतंय? तुला मावशी म्हणाला, तर मीच देईन त्याला दणका."

मालकसुद्धा हसले. तू डोळे पुसलेस, कुंचला उचललास, श्वास रोखलास. मीही रोखला. काळं बुबुळ टेकलं आणि गणपती माझ्याकडे बघायला लागला. पुढं शाळेत कितीक कविता पाठ केल्या, अजून वाटेनं म्हणत जातो. पण तसा श्वास एकाही ओळीला अडकला नाही.

तू काम सोडलं नाहीस. त्या रात्री मला जवळ घेऊन शिकवलंस, आई मी, ती मावशी. मी शहाण्यासारखी मान हलवली. हे पत्र वहीतच राहणार, म्हणून लिहून टाकतो. तू कामावर गेलीस की मी तिला पुन्हा आईच म्हणायचो. आणि ती आधी दाराकडे बघून, मग हळूच ओ द्यायची.