अपग्रेड : एक साधकबाधक विचार

३ जून, सकाळी १०.१०
ऑफिस सुटलं तेव्हा तिथून आणलेली जुनी डायरी आजपासून वापरात. वार जुळत नाहीत, पण कागद चांगला आहे.
आज कॉम्प्युटरने आपण होऊन विषय काढला. पडद्याच्या मधोमध पाटी. तुमची सिस्टीम जुनी झाली, नवी टाकून घ्या. खाली दोनच बटणं : ‘आत्ता’ आणि ‘नंतर’. ‘नाही’ असं बटणच नाही. हे मला आवडलेलं नाही. माणसाला नाही म्हणायची सोय असावी.
‘नंतर’ दाबलं. याचा अर्थ टाळलं असा नाही. दोन्ही बाजूंचा अभ्यास करून मग निर्णय. नऊ वर्षांत या यंत्राने एकदाही दगा दिलेला नाही. (प्रिंटर हा वेगळा विषय.)

४ जून
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, मग टाकून घ्या की लगेच.
सौ. शिवणकाम करते. घर तिच्या मशिनवर चालतं असं ती कधी म्हणत नाही. काजवाल्या मावशी म्हणतात. मावशी आमच्याकडे काजं-बटणं करायला येतात आणि जोडीला मतं देतात. पुढच्या खोलीत दोन मशिनं, मध्ये कापणीचं टेबल आणि खिडकीच्या कोपऱ्यात कॉम्प्युटर. त्यात चारशे बारा गिऱ्हाइकांची मापं आहेत. सगळी मी भरली. कुणी विचारलं तर सौ. शिवते आणि मी संगणक विभाग पाहतो.
सौ.ला घाई अशी की एका हॉस्पिटलला कर्मचाऱ्यांचे एकशे साठ गणवेश शिवून हवेत. फॉर्म त्यांच्या साइटवर भरायचा, सोबत नमुना म्हणून लहान-मोठ्या मापांचा तक्ता जोडायचा. शेवटची तारीख २८ जून. आमच्या कॉम्प्युटरवर ती साइट उघडत नाही, नुसता पांढरा पडदा येतो. हे काम मिळालं तर सौ.ची चेन बदलणे आणि पँटच्या कडा वर घेणे यातून सुटका.
मी म्हणालो, असे निर्णय उभ्या उभ्या होत नाहीत. अभ्यास करून सांगतो. चोवीस दिवस आहेत. भरपूर झाले.

५ जून
पानाला मध्ये घडी घातली. डावीकडे फायदे : १. साइट उघडेल. उजवीकडे तोटे : १. हाताची सवय मोडेल. २. चिन्हं आपापल्या जागी राहतील याची शाश्वती नाही. ३. पत्त्यांचा खेळ जाईल. तिसरा मुद्दा खोडला. मग परत लिहिला. स्वतःशी तरी प्रामाणिक असावं.
११.०० कापणी सुरू. टेबलाची फळी उघडली की माझा कोपरा बंद होतो. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कपाट. बाहेर पडायचं तर टेबलाखालून रांगत, आणि ते सुपरवायझर राहिलेल्या माणसाला शोभत नाही. कापड एकदा अंथरलं की पूर्ण कापून होईपर्यंत हलवायचं नाही, हा सौ.चा नियम. आज दोन तास दहा मिनिटं आत होतो. अभ्यासाला उत्तम वेळ.
पत्ते खेळलो.

८ जून
मेहुणा आला. त्याने दोन वर्षांपूर्वीच नवी सिस्टीम टाकली म्हणे. अर्ध्या तासाचं काम, चहा पिता पिता झालं. मेहुण्याची सगळीच कामं चहा पिता पिता होतात. घर बदललं तेसुद्धा. मी करून देतो म्हणाला. मी म्हणालो, नको, यंत्राला बाहेरच्या माणसाचा हात लागू नये. सौ. म्हणाली, बाहेरचा कुठला, माझा सख्खा भाऊ आहे तो. मी म्हणालो, यंत्राच्या दृष्टीने.


९ जून, दुपारी ३.००
सौ. आणि मावशी कापड आणायला गेल्या. घरात मी एकटा. अभ्यासाचा भाग म्हणून ‘आत्ता’ दाबून पाहिलं, फक्त पुढे काय येतं ते बघायला.
पुढे पासवर्ड विचारला. मालकाचा.
मालक मीच. नऊ वर्षांपूर्वी यंत्र घेतलं तेव्हा सगळं मीच बसवलं. रोज सुरू करताना पासवर्ड लागत नाही, त्यामुळे सध्या आठवत नाही एवढंच. आठवेल. ‘रद्द’ दाबलं.
नोंद असू द्यावी : मी अजून अपग्रेड केलेलं नाही त्याचा पासवर्डशी काहीही संबंध नाही.

१० जून
माझं नाव. माझं नाव उलटं. नाव आणि जन्मसाल. ऑफिसातला नंबर. पहिल्या स्कूटरचा नंबर. ‘सुपरवायझर’. यातलं काहीही नाही.
सौ.ने मशिनवरून विचारलं, कसली एवढी खटखट चाललीय. चाचण्या, म्हणालो. खोटं नाही.

१२ जून
मेहुण्याचा फोन. झालं का? नाही म्हटल्यावर हसला, आणि ऑफिसात झालं तसं नको व्हायला म्हणाला.
ऑफिसात काय झालं? आमच्या रेकॉर्ड विभागात नवी सिस्टीम आली. ट्रेनिंगला नाव देता का असं मला तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा, अभ्यास करून सांगतो, म्हणालो. चौथ्यांदा विचारलं नाही. मग मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. स्वेच्छा बरीचशी साहेबांची होती.
दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. मेहुण्याला सगळीकडे संबंध दिसतात.

१५ जून
धोरण ठरलं. कुठलीही नवी गोष्ट आधी सहा महिने जगात मुरू द्यावी, मग घरात घ्यावी. मोठ्याने वाचून दाखवलं. मावशींनी विचारलं, मग अठ्ठावीस तारखेचं काय? त्यांना तांत्रिक बाजू कळत नाही.
नंतर सौ.ने स्वयंपाकघरात सांगितलं की मावशींचं दुसरीकडचं काम गेल्या आठवड्यात सुटलं. आता आमच्याकडचंच आहे, आणि गणवेश मिळाले तरच ते रोजचं होईल.
वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणखी अकरा पासवर्ड घालून पाहिले.

१७ जून, सकाळी ९.३०
निश्चय. सौ.ला सगळं सांगून टाकायचं. बरोबर दहा वाजता. लपवण्यासारखं त्यात आहे तरी काय?
१०.०५ सौ. कपड्याला टाचण्या लावत होती. अशा वेळी तिच्या तोंडात सात-आठ टाचण्या असतात, त्यामुळे लगेच उत्तर येत नाही. याहून चांगली वेळ मिळाली नसती. म्हणालो, एक सांगायचं होतं. तिने भुवया वर केल्या. म्हणालो, पडद्याचा रंग बदलू का? तिने मान हलवली.
१०.२० रंग बदलला. निळा. उठून दिसतो.

१८ जून
पाटी आता दिवसातून दोनदा येते. आणि ‘नंतर’चं बटण पहिली दहा सेकंदं दबतच नाही, फिक्कट राहतं. तेवढा वेळ मी त्यावर बाण धरून बसतो. नऊ वर्षं सोबत काढलेल्या यंत्राने असं कोंडीत पकडावं, हे मनाला लागलं.

२० जून
सौ.ने कपाटावरून मापांच्या वह्या काढल्या. लांबट, पुठ्ठ्याच्या. म्हणालो, मापं कॉम्प्युटरमध्ये असताना वह्या कशाला? म्हणाली, उगाच. मी म्हणालो, वह्या तर आपण नऊ वर्षांपूर्वीच बंद केल्या ना? ती म्हणाली, तुम्ही केल्या. मी लिहितेच आहे.
म्हणजे गिऱ्हाईक गेल्यावर ती ज्या कागदावरून मला मापं सांगायची, तो कागद या वहीतला होता. म्हणजे नऊ वर्षं मी नक्कल करत होतो. तिने सांगितलं नाही, मीही कधी मान वळवून पाहिलं नाही.
दुपारी जेवण गेलं नाही. उकाडा आहे.

२२ जून
सौ. वह्या घेऊन भावाकडे गेली. बारा ते चार. कशाला ते बोलली नाही, मी विचारलं नाही. चार तासांची संधी आयती चालून आली.
लग्नाची तारीख घातली. नाही. मनात शंका आली म्हणून पत्रिका काढून पाहिली. दोन दिवसांचा फरक निघाला. बरोबर तारीख घातली. तरी नाही.
पत्रिका जागेवर ठेवली. हा विषय घरात निघता कामा नये.

२६ जून, सकाळी ११.००
निर्णय जाहीर केला. उभं राहून. अपग्रेड करायचं, पण तज्ज्ञाच्या हातून. मावशींनी सुई थांबवली. सौ. बरं म्हणाली. तेवीस दिवसांच्या अभ्यासाला नुसतं बरं.
कॉम्प्युटर दुरुस्तीच्या बाईंना फोन केला. मेहुण्याच्या ओळखीच्या. उद्या येतील. तज्ज्ञ लोकांकडे पासवर्डच्या पलीकडे जायचा काहीतरी उपाय असतो, असं ऐकून आहे. कुणाच्या लक्षातही येणार नाही.

२७ जून, सकाळी ११.३०
बाई आल्या. पंचावन्नच्या आसपास, चष्मा दोरीने गळ्यात. टेबलाची फळी मिटून त्यांना वाट करून दिली. मी शेजारी स्टुलावर. त्यांनी ‘आत्ता’ दाबलं, पासवर्डची चौकट आली, त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, सुरक्षेच्या कारणास्तव तो सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, तुम्हीच घाला, आम्ही तिकडे बघतो. आणि खरोखरच सगळ्या तिकडे बघू लागल्या. बाई, सौ., मावशी. तिघीही भिंतीकडे तोंड करून. मशिन बंद. मी स्टुलावर. कधी नव्हे ते कोपरा उघडा होता आणि मला उठता येईना.
दीड मिनिटाने म्हणालो, आठवत नाही. जरा मोठ्यानेच निघालं.
सौ. रागावली असती तर बरं झालं असतं. मला लाज वाटली. ऑफिसातल्या शेवटच्या दिवशी वाटली होती, तशीच.
बाई वळल्या. काहीही न लिहिता एंटर दाबलं. उघडलं.
पासवर्ड नव्हताच. नऊ वर्षांपूर्वी मी तो ठेवणार होतो. बहुधा अभ्यास करून.

११.५०
बाईंनी तपासणी लावली, चष्मा डोळ्यांवर चढवला, मग परत खाली सोडला. म्हणाल्या, हा कॉम्प्युटर नव्या सिस्टीमला चालत नाही, त्यासाठी लागणारा भाग यात नाहीच, नऊ वर्षांपूर्वी द्यायचे नाहीत. मी पाटीचं विचारलं. ती सगळ्यांनाच दाखवतात, म्हणाल्या.

१२.१५
मी सगळ्यांच्या निदर्शनास आणून दिलं की म्हणजे न करण्याकडे असलेला माझा कल बरोबर होता. मावशींनी बाईंना पाणी दिलं.
मग मात्र माझा धीर सुटला. म्हणालो, उद्या शेवटची तारीख, तुझं एवढं मोठं काम माझ्यामुळे गेलं.
सौ. म्हणाली, फॉर्म बावीस तारखेलाच गेला. भावाकडून. वह्यांवरून तक्ता केला, पोचल्याचा निरोपही आला. मी विचारलं, मग मला का नाही सांगितलंस? म्हणाली, तुमचा अभ्यास चालला होता.
फॉर्म भरायला किती वेळ लागला ते विचारलं नाही. बरोबर चहा होता का, तेही नाही.

३० जून
काम मिळालं. मावशींना रोजचं झालं. त्यांनी मला पेढा दिला आणि तुमच्यामुळेच म्हणाल्या. त्यात टोमणा आहे की नाही, याचा विचार करतो आहे.
नवा कॉम्प्युटर आला. दाराजवळ, मशिनच्या उजव्या हाताला, म्हणजे सौ.ला बसल्या जागेवरून पोचता येईल असा. पासवर्ड ठेवायची वेळ आली तेव्हा मी खुर्ची ओढून पुढे झालो. पासवर्ड कसा असावा याबद्दल या घरात माझ्याइतका विचार कुणी केलेला नाही. सौ. म्हणाली, राहू द्या, मी ठेवते. ठेवलाही. मला तिकडे बघायला सांगितलं.

३ जुलै, सकाळी १०.००
जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात आहे. मीही.
गणवेशांची कापणी आज सुरू. आठ थर अंथरले आहेत, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. संध्याकाळपर्यंत वाट नाही.
१०.१० पाटी आली. अजिबात मागेपुढे न पाहता ‘आत्ता’ दाबलं. हा कॉम्प्युटर पात्र नाही, असं उत्तर आलं. निदान मी दाबलं.
१०.४० पुष्कळ विचार केला. सौ.ने हॉस्पिटलात जाऊन घेतलेली एकशे साठ माणसांची मापं भरायची म्हणजे संगणक विभागाला काम आहे. आणि यावेळी थेट वहीतून भरायची, वही शेजारी ठेवून, सौ.चं अक्षर बघत. मला हे काम हवं आहे. इतकं साधं वाक्य या डायरीत पहिल्यांदाच लिहितो आहे.
१०.४५ टेबलापलीकडून सौ.ला तेच सांगितलं आणि नव्या कॉम्प्युटरचा पासवर्ड विचारला.
ती खडूने रेघ ओढत होती. मान वर न करता म्हणाली, नंतर.