धावपट्टीखालचा खड्डा

रोटिया आत्या,

आपल्या बेटाची धावपट्टी पाऊस पडला की नेमकी एकाच जागी का खचते, हे कोडं मला विमानतळावर विमान येताना माणसं-जनावरं हटवायचा भोंगा वाजवायला लागल्यापासून पडलं होतं. नवा इंजिनियर म्हाताऱ्यांना विचारून थकला. सगळ्यांचं एकच उत्तर, "तिथं वाळू होती."

मग मी आईला छळलं. शेवटी ती उखडली, "तुझ्या बापाचा अळू लावायचा खड्डा होता तिथं! धावपट्टीसाठी मोजणीवाले आले तेव्हा त्यानं पाला आणि वाळू ओढून बुजवला. आपला खड्डा किती खोल, हे परक्याला दाखवतं का कुणी? आणि दुसऱ्याच्या खड्ड्याबद्दल बोलतं का कुणी?"

"आणि विमान रुतलं म्हणजे?"

"इतकी वर्षं रुतलं का? गप बस."

मी गप्प बसलेही असते. पण पुढच्या महिन्यातल्या उतारूंच्या यादीत तुझं नाव दिसलं, बावीस वर्षांनी. मी तडक जाऊन इंजिनियरला सांगितलं.

काल खड्डा तळापर्यंत उकरला. अख्खं गाव काठावर वाकून बघत होतं. तू येईपर्यंत तो दगडांनी भरून पक्का होईल. आई माझ्याशी बोलत नाही.

सख्खी बहीण असून बाबांनी तुला खड्ड्याची खोली सांगितली नाही, म्हणूनच तू रागानं गेलीस ना? आता ती पोरासोरांनाही ठाऊक झाली आहे. फक्त तुला नाही. तुला मात्र मला कानात सांगायची आहे, म्हणून ती या पत्रात लिहीत नाही.

तुझी भाची,
भोंगेवाली तेरेतिया