अर्ध्यावर राहिलेलं नाव

प्रिय गोदा,

पैठणीच्या खेळात उखाणा घेताना तू अडलीस, तो व्हिडिओ अजून वाघोलीभर फिरतोय. तू रुसून शिरूरला भावाकडे गेलीस, तुझं बरोबरच आहे. काल सलूनमध्येही पोरं तोच बघून खिदळत होती. माझी दाढी अर्धीच झाली होती, तसाच उठून आलो.

तो माइकवाला म्हणे, "आजी, नवऱ्याचं नाव विसरलात, का नवराच नको झालाय?" बेट्याच्या जिभेला हाड नाही. लोकांना हसवायला त्याला माझीच बायको सापडली!

पण रागावू नकोस, मीही तो रोज बघतो. आवाज बंद करून. तू सगळा उखाणा नीट म्हणतेस, शेवटी 'गे' म्हणतेस आणि पदर तोंडाला लावतेस. लोकांना वाटतं, म्हातारी विसरली. अगं, उभा जन्म 'अहो' म्हणण्यात गेला तुझा, एवढ्या गर्दीत नाव कसं येईल ओठावर? आपल्या लग्नाच्या मांडवातही अशीच लाजली होतीस.

मीही एक उखाणा जुळवलाय:

रान गेलं, टॉवर आले, वाघोलीचं झालं शहर,
गोदाचं नाव घेतो, तिच्यावाचून सुनं घर.

हे पत्र तुला भावाकडूनच वाचून घ्यावं लागेल, म्हणून पाठवत नाही. उद्या मीच येतो. तुझ्या माहेरच्या अंगणात, सगळ्यांसमोर उभा राहून नाव घेतो. अडखळलो, तर सगळ्यात आधी तू हस.

तुझा 'अहो',
गेनबा