मागे डावीकडचा पोचा

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे, दाजींची कंबर आणि तुमचं मांजर, तिघांची खुशाली कळव. आम्ही बरे आहोत. बाबांची गाडी तेवढी संकटात आहे. (तू ती चालवायला शिकत होतीस तेव्हा मी जे जे बोललो, ते या पत्रापुरतं विसर.)

तर नव्या नियमाप्रमाणे मी तिला नवी नंबरप्लेट बसवून घेतली. ही प्लेट एकदा बसली की तोडल्याशिवाय निघत नाही. बसवून बाहेर पडतो तोच समोर तशीच पांढरी गाडी, तसलीच प्लेट, तोच नंबर! आत माझ्याच वयाचा, माझ्याइतकाच टकला गृहस्थ. कागद त्याचेही चोख. सिग्नल तोडल्याचे दंड मला का येत होते, ते तेव्हा कळलं. (मी हिरव्या दिव्यालाही थांबतो, तुझी वहिनी साक्षीला आहे.)

आम्ही दोघे तावातावाने आरटीओच्या साहेबांकडे गेलो. साहेबांनी संगणकात पाहिलं, मग खिडकीतून पाहिलं आणि सांगितलं की एका नंबरावर एकच गाडी असते, तेव्हा बाहेर उभी आहे ती एकच आहे. खिडकीतून तर दोन दिसतात म्हटलं, तर म्हणाले, "खिडकीचं मला विचारू नका, ते बांधकाम खात्याकडे." निकाल लागेपर्यंत गाडी एक दिवसाआड वापरायची. त्यामुळे माझी रस्त्यावर असली की त्याची अस्तित्वातच नसते, आणि त्या नसलेल्या गाडीत बसून तो बिचारा दिवसभर रेडिओ ऐकतो. माणूस वाईट नाही गं. वहिनी तर त्याला 'जुळे भावजी' म्हणायला लागली आहे.

सुनावणी सोमवारी आहे. खरी ठरेल ती राहणार, दुसरी भंगारात जाणार. आता माझी अक्कल बघ. साहेबांसमोर बाबांची गाडी गबाळी दिसायला नको, म्हणून मी तिला गॅरेजवाल्याकडून धुऊन-पुसून घेतली आणि मागे डावीकडचा पोचा काढून टाकला. तोच, तू फाटकावर घातलीस तेव्हाचा. बाबा तो कधी काढू देत नसत. "राहू दे, पोरीची सही आहे," म्हणायचे. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी बाबांच्या वेळच्या तपासणीची नोंद वाचून दाखवली. ओळखखूण: मागे डावीकडे पोचा. पोचा असेल ती गाडी खरी! मी आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, ताई. घरी येऊन गाडीत बसलो आणि रडलो, खोटं कशाला सांगू.

मोठ्यांना नमस्कार, मांजराला आशीर्वाद.
तुझा धाकटा

ता. क. गॅरेजवाला म्हणतो, असा पोचा मुद्दाम पडत नाही, त्याला आत्मविश्वास लागतो. तेव्हा रविवारी ये आणि गाडी मागे घे. मी "थांब, थांब" ओरडेन. तू तेव्हासारखंच ऐकू नकोस. (रविवारी पाळी त्याची आहे, पण फाटक आपलं आहे.)

पुन्हा ता. क. तुझ्यानंतर रुंद करून घेतलेलं फाटक गवंड्याने कालच पुन्हा अरुंद केलं.

आणखी एक. जुळ्यानेही हातोडीने पोचा पाडून पाहिला, पण तो बनावट दिसतो. त्याला बहीण नाही. "ताई येणारच आहेत, तर माझीही मागे घेतील का?" असं चाचरत विचारत होता. त्याचा चेहरा बघवेना. मी हो म्हणून बसलोय.